प्रेम, खून आणि सातबारा

वाचकहो, कादंबरी वाचणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते. त्यातून ती प्रेमाची किंवा खुनाची असली तर विचारूच नका. हरिपाठ वाचणाऱ्या सुनेचे कौतुक होते, शेतीचे मासिक वाचणाऱ्या मुलाचे कौतुक होते, पण रहस्यकथा हातात दिसली की घरातले वडीलधारे माणूस विचारतेच, "त्यातून काय मिळते गं तुला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला मात्र चुलीपुढची दोन मिनिटे पुरत नाहीत, म्हणून हा लेख.

मी खेड्यातली वाचक. आमचे वाचनालय 'ड' वर्गातले, म्हणजे सरकारी अनुदानाच्या उतरंडीत सगळ्यात खालचे मडके. १९६७ साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने अशी हजारो लहान वाचनालये गावोगाव उभी राहिली. दोन लोखंडी कपाटे, एक बाक, एक लांब टेबल आणि भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी. तुमच्याही गावी असेच असेल. अशा वाचनालयात कोणते पुस्तक गावाने खरोखर वाचले आहे, हे पाहायला नोंदवही लागत नाही. कपाट उघडावे आणि पुस्तकांच्या पाठी पाहाव्यात. जाडजूड चरित्रे आणि ग्रंथावल्या नव्या नवरीसारख्या कोऱ्या करकरीत. ज्यांची शिवण उसवली आहे, पाठीला खाकी कागद डकवला आहे, पानांच्या कोपऱ्यांना तेलाहळदीचे डाग आहेत, ती सगळी प्रेमकथांची आणि रहस्यकथांची.

हे काही आजचे नाही. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांच्या 'कालिकामूर्ती' आणि 'चतुर माधवराव' या कादंबऱ्यांनी आपल्या पणज्यांना दिवे जाळायला लावले होते. मग बाबूराव अर्नाळकर आले. हजारावर रहस्यकथा एका माणसाने लिहिल्या! धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावे घेतली की आजही सत्तरीच्या पुढचे आजोबा खाटेवर उठून बसतात. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा टप्पा ओलांडला. या पुस्तकांना वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे पान मिळाले नाही. पण शाळा सुटल्यावर अक्षर विसरायला लागलेली कितीतरी मुले या पुस्तकांनी वाचती ठेवली. नांगराच्या मागे चालताना खिशात रहस्यकथा ठेवणारी माणसे आमच्याच भावकीत होती.

प्रेमकथांना तर न्यायालयाची पायरीही चढावी लागली. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडले. गंमत अशी की त्याच साली काकोडकरांच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवरून काढलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट लोक कुटुंबासह रांगा लावून पाहत होते. ज्याचे पुस्तक उशीखाली लपवायचे, त्याचीच गोष्ट सासूसासऱ्यांच्या शेजारी बसून पाहायची! पुस्तकाच्या बाबतीत आपले सोवळे जरा जास्तच कडक असते, असे माझे मत आहे. पडद्यावरचे चालते, पण बाई एकटीच कोपऱ्यात बसून वाचते आहे आणि मनात काय चालले ते कोणाला कळत नाही, हे घराला खुपते.

आता माझी आवड सांगते. आमच्या भागात सर्वांत झिजलेली पुस्तके बाबा कदमांची. प्रेम आणि गुन्हा एकाच भांड्यात शिजवायचे म्हणजे काय, हे या माणसाला कळले होते. ते पोलीस प्रॉसिक्यूटर होते. त्यामुळे पंचनामा, साक्षीदार, जामीन, उलटतपासणी या गोष्टी त्यांच्या पुस्तकांत कुठून तरी उसन्या आणल्यासारख्या वाटत नाहीत. त्यांच्या 'भालू'वर १९८० साली चित्रपट निघाला. २००९ साली ते गेले. त्यांच्या नायिका जरा अतीच सुंदर आणि नायक जरा अतीच दिलदार असतात, हे मान्य. पण फौजदार घरी आला की घरातल्या माणसांच्या पोटात कसा गोळा येतो, हे त्यांना ठाऊक होते. वाचणाऱ्याला तेवढे पुरते. उरलेले सौंदर्य आपण लेखकाला माफ करतो.

यावरून माझी एक कसोटी तयार झाली आहे. कादंबरीतली माणसे प्रेम करोत की खून करोत, ती पोटासाठी काय करतात हे लेखकाला माहीत आहे का? एवढे मी पाहते. माहीत असले तर प्रेमही खरे वाटते आणि भीतीही. माहीत नसले तर शंभर पानांनंतर पुस्तक डोळ्यांवर ठेवून झोप लागते.

या कसोटीला नव्या कादंबऱ्या कशा उतरतात ते पाहू.

नव्यांत मला सर्वांत जास्त धरून ठेवले हृषीकेश गुप्ते यांनी. त्यांची 'दंशकाल' मी कांदा काढणीच्या दिवसांत वाचायला घेतली, हे काही शहाणपणाचे झाले नाही. दिवसभर वाफ्यात आणि रात्री पुस्तकात. भीतीची कथा म्हणून तिचे नाव घेतात, पण मला ती घराची कथा वाटली. एकाच छपराखालची माणसे एकमेकांपासून काय काय लपवून ठेवतात, याची. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला त्यातले पुष्कळसे सांगावे लागत नाही. त्यांच्याच 'हाकामारी'मध्ये आपल्या आजीने सांगितलेली ती रात्रीची हाक आहे. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपण सगळे ऐकत वाढलो. शहरातल्या वाचकाला ही कल्पना नवीन वाटत असेल. आपल्याला ती ओळखीची आहे म्हणूनच जास्त भिववते. इथे एक सूचना: गुप्ते हे लहान मुलांच्या हाती देण्याचे लेखक नव्हेत. सोळा-सतरा वर्षांच्या पुढच्यांनी वाचावे, आणि घरात दुसरे माणूस जागे असताना वाचावे.

भीतीच्या वाटेवर त्यांच्या आधी नारायण धारप चालून गेले. २०१८ साली आलेल्या 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती, हे कळल्यावर आमच्याकडच्या कॉलेजच्या पोरांनी कपाटातला सगळा धारप आठवड्यात रिकामा केला. सुहास शिरवळकरांचेही तेच झाले. 'दुनियादारी' १९८२ ची. पण २०१३ साली चित्रपट आला आणि जिचा जन्म झाला तेव्हा वाचणाऱ्या मुलांचे आईबाप शाळेत होते, ती कादंबरी पुन्हा रांगेत वाट पाहून वाचली जाऊ लागली. २०२० साली 'समांतर'ची मालिका फोनवर आली. आपण जगतो आहोत तेच आयुष्य दुसऱ्या एका माणसाने आधीच जगून ठेवले आहे, अशी ती कल्पना. शिरवळकर २००३ सालीच गेले. हे भाग्य त्यांना पाहायला मिळाले नाही. मला स्वतःला 'दुनियादारी'पेक्षा 'समांतर' अधिक भावते. कॉलेजच्या कट्ट्यावरची मैत्री गोड असते, पण ज्यांनी कॉलेज पाहिलेच नाही त्या बायांना ती काचेपलीकडची मिठाई वाटते. उद्याचे ठाऊक असते तर आज वेगळे वागलो असतो का, हा प्रश्न मात्र मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या कोणालाही पडतो.

डॉ. प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' तुमच्या घरातल्या मुलांनी वाचली असेलच. शिवरायांच्या राजमुद्रेच्या आरंभीच्या शब्दांवरून तिचे नाव घेतले आहे, आणि शिवकाळातल्या एका गुपिताचा शोध आजची माणसे घेतात. वेग जबरदस्त. ज्या पोराने क्रमिक पुस्तकापलीकडे काही वाचले नव्हते, त्याने ही दोन रात्रींत संपवली, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याबद्दल लेखकाला शंभर गुण. तक्रार एवढीच की पुष्कळ ठिकाणी माणसांपेक्षा माहितीच जास्त बोलते. आणि एक इशारा वाचणाऱ्या पोरांना: गुप्तधनाची गोष्ट पुस्तकात वाचावी आणि पुस्तकातच ठेवावी. पायाळू माणूस शोधत, रात्रीबेरात्री दुसऱ्याच्या पांढरीत खणत फिरणाऱ्यांची घरे कशी बसली, हे आपल्याकडे पुष्कळांनी पाहिले आहे.

ही झाली नावाजलेली. यांच्या खाली दुसरा एक ढीग असतो, आणि त्यातली पुस्तके वाचून मी वैतागते. त्यांतले खेडे पाहा. खून झाला की दहा मिनिटांत मोटारीतून इन्स्पेक्टर हजर! अहो, खेड्यात अकस्मात मृत्यू झाला की पहिली धावाधाव पोलीस पाटलाची. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने ते पद नेमून दिलेले आहे. खबर पोलीस ठाण्याला कळवायची, जागेला कोणाला हात लावू द्यायचा नाही, ही जबाबदारी त्याची. आणि तोही गावातलाच, कोणाचा तरी मेहुणा, कोणाचा तरी शेतशेजारी. ज्याच्या घरी प्रेत पडले आहे, त्याच्याच विहिरीवरून याच्या उसाला पाणी जाते. आता हा माणूस खबर काय लिहील? रहस्य इथे आहे. लेखक ते ओलांडून पुढे जातो आणि मुंबईहून गुप्तहेर बोलावतो.

दुसरे म्हणजे विष. पुस्तकातला खुनी चहात फवारणीचे औषध घालतो आणि पिणाऱ्याला कळतही नाही! ज्या घरात धन्याच्या फवारणीच्या कपड्यांचा वास दोन धुण्यांनीसुद्धा जात नाही, त्या घरातल्या बाईला हे कोणी सांगावे? आमच्यासारखी वाचक तिथेच पुस्तक मिटते. रेंज नाही म्हणून नायिकेचा फोन लागत नाही, हेही आता फार झाले. आमच्याकडे रेंज कुठे येते हे शेंबड्या पोराला ठाऊक असते: चिंचेखाली, नाहीतर देवळाच्या पायरीवर. जी नायिका चार दिवस गावात राहून ती जागा शोधत नाही, तिच्यावर कोणी प्रेम का करावे?

खेड्यात रहस्याला तोटा नाही हो. शंकर पाटलांची 'टारफुला' काढून बघा, १९६४ ची आहे. तिला कोणी रहस्यकादंबरी म्हणत नाही. पण पाटील गेला, आता गावावर वचक कोणाचा, एवढ्या एका प्रश्नावर ती अशी ताणून धरते की खुनाच्या दहा कथा तिच्यापुढे फिक्या. त्यात खुर्चीची ओढ आहे, भीती आहे आणि गावगाडा कसा चालतो याची नस पकडलेली आहे.

आणि आजचा लेखक शोधत असेल, तर त्याला मी जागा दाखवते: तलाठी कार्यालय. सातबाऱ्यावर एका रात्रीत नाव चढत नाही. आधी फेरफाराची नोंद, मग नोटीस, मग हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. हे पंधरा दिवस म्हणजे रहस्यकथेला देवाने दिलेले घड्याळ आहे! नोटीस कोणाला मिळाली, कोणाला मिळाली नाही, मिळाल्याची सही कोणी केली, आणि ज्याने केली म्हणतात त्याला सही येते की तो अंगठेबहाद्दर आहे? २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. म्हणजे पुण्यात कंपनीत कामाला असलेला धाकटा भाऊ रात्री अकरा वाजता सहज उतारा उघडून पाहू शकतो, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकू शकते. यात रक्ताचा थेंब नाही, पण झोप उडवायला काय कमी आहे?

आता प्रेमाकडे येते, कारण या सातबाऱ्याचा आणि प्रेमाचा संबंध आहे.

नव्या प्रेमकथांत मुलगा-मुलगी भेटतात, रुसतात, गैरसमज होतो, पाऊस पडतो, गैरसमज मिटतो. वाचायला बरे वाटते. उन्हाळ्यात उसाचा रस प्यावा तसे. पण शेतकऱ्याच्या घरातल्या प्रेमात गैरसमज हे कधीच खरे विघ्न नसते. विघ्न असते जात, जमीन आणि आता एक तिसरेच: मुलगा शेती करतो म्हणून मुलीकडचे नकार देतात. आपल्या गावात तिशी ओलांडलेले, चांगले शिकलेले, बागायत राखणारे किती मुलगे बिनलग्नाचे आहेत ते तुम्हीच मोजा. या मुलांच्या मनात काय चालते, यावर मन लावून लिहिलेली प्रेमकादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही. थट्टेच्या गोष्टी पुष्कळ आल्या. थट्टा सोपी असते.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' मात्र याच्या जवळ जाते. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला म्हणून ती 'जड' असेल असे समजून आमच्याकडच्या बाया तिला हात लावत नव्हत्या. मी सांगते, त्यातली एकनाथ आणि अलकाची गोष्ट वाचा. शिकलेला शेतकरी नवरा, दुसऱ्या आयुष्याची आस धरून आलेली बायको, आणि दोघांच्या मध्ये न पिकणारे शेत. कोणी खलनायक नाही. ती माहेरी का जाते हे आपल्याला कळते, आणि तो तिला का थांबवू शकत नाही हेही कळते. प्रेम कसे जमले हे शंभर पुस्तके सांगतात. ते दुष्काळात कसे आटते हे सांगायला शेती माहीत असलेला माणूस लागतो.

आणि अण्णा भाऊ साठे यांना विसरू नका. 'आवडी' वाचा, 'वैजयंता' वाचा. 'आवडी'त जातीची भिंत ओलांडलेले प्रेम आहे आणि त्यापायी सांडलेले रक्तही आहे. 'टिळा लावते मी रक्ताचा' हा १९६९ चा चित्रपट तिच्यावरूनच निघाला. २०१६ साली 'सैराट' पाहून थिएटरातून सुन्न होऊन बाहेर पडलेल्या मुलींना मी ही कादंबरी देते. प्रेमकथा आणि रहस्यकथा अशी दोन कपाटे आपण केली, पण आपल्याकडे पळून गेलेल्या मुलीच्या घरात पुढचे आठ दिवस कसे जातात हे ज्याने पाहिले, तो ही कपाटे वेगळी ठेवणार नाही.

सातबाऱ्याचे सांगत होते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क आपल्या राज्याने १९९४ सालीच दिला. देशभर तो २००५ साली आला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. कागदावर हे झाले. घरात काय होते? भावासाठी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि त्या बदल्यात माहेर टिकते. राखी, दिवाळी, पोरांच्या लग्नातला मानाचा आहेर, सगळे त्या सहीला टांगलेले. आता समजा, एका मुलीने मनाने लग्न केले. घराने तिचे नाव टाकले. बारा वर्षे कोणी तिच्या दारात गेले नाही. आणि एक दिवस रस्त्याला जमीन जाते, मोबदल्याची रक्कम ठरते, आणि कागद बघणारा सांगतो की बहिणीची सही लागेल. भाऊ तिच्या दारात उभा राहतो. हातात साडी आहे. ती दार उघडते.

ती सही देईल का? तिचा नवरा काय म्हणेल? भावाच्या डोळ्यांतले पाणी खरे की मोबदल्याचे? आईने गुपचूप काही निरोप धाडला आहे का? प्रेमकथाही हीच, रहस्यकथाही हीच. असे दार आपल्यापैकी कितीतरी जणींनी उघडले आहे किंवा ठोठावले आहे. पण ही कादंबरी मला दुकानात मिळत नाही. जी मिळते तिच्यात नायिका कॉफी पिते आणि खिडकीतून बाहेर बघते.

"त्यातून काय मिळते?" असे विचारणाऱ्या सासूबाईंसाठी एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका बाईपुढे भावकीने कागद ठेवला: "इथे सही कर, काही नाही, बँकेचे आहे." ती म्हणाली, "आधी वाचते." मंडळी हसली. तिने बसून चार पाने वाचली, दोन शब्दांचे अर्थ विचारले आणि कागद परत दिला. नंतर मला म्हणाली, "बाबा कदमांच्या पुस्तकात बघा, सही केली की माणूस अडकतोच." एवढ्यावरून सगळ्यांनी रहस्यकथा वाचाव्यात असे माझे म्हणणे नाही. पण तिला ते पुस्तक आठवले, हे खरे.

ज्यांना बसून वाचायला वेळ नाही, त्यांच्यासाठी अलीकडे कादंबऱ्या फोनवर ऐकायची सोय झाली आहे. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी पुस्तके कानात बोलू लागली. धारा काढताना, शेंगा फोडताना, द्राक्षाची विरळणी करताना हात कामात आणि कान गोष्टीत, हे फार छान जमते. फक्त रहस्यकथा ऐकत दूध तापवू नये. गाठ सुटायला आणि दूध उतू जायला एकच वेळ येते.

येत्या पावसाळ्यासाठी मी वाचनालयाच्या मागणीवहीत तीन नावे लिहून ठेवली आहेत: 'टारफुला'ची नवी प्रत, कारण जुनीची पाने हाताला सुटून येतात, अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा, ज्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत कोणीही निर्धास्त वाचाव्यात, आणि 'आवडी'. तुमच्याही मागणीवहीत लिहा. वही कोरी राहिली तर समिती काय घ्यायचे ते आपल्या मनानेच ठरवते, आणि मग पुन्हा तसबिरीतल्या माणसांची चरित्रेच येतात.

आणि एक विनंती. आमच्याकडे झुंजारची एक जुनी कथा आहे. मुखपृष्ठ गेलेले, त्यामुळे नाव सांगता येत नाही. आणि शेवटची आठ पाने कोणी फाडून नेली आहेत. बंद खोलीत तिजोरी उघडी सापडते, चावी मात्र मालकाच्या कमरेलाच असते, आणि नोकर म्हणतो की खोलीत कोणी आलेच नाही. गेली कित्येक वर्षे गावात यावर वाद चालू आहे. कोणाकडे शेवट असेल तर कळवा.